सामन्याआधी पोटात गोळा का येतो?

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस सुरू झाले की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. मूल एरवी ठणठणीत असते. पहाटे उठून धावते, संध्याकाळी मैदानावर घाम गाळते, दोन भाकऱ्या जास्त खाते. पण सामन्याचा दिवस उजाडला की पोटात कळ येते, दोन-तीनदा शौचास जावे लागते, घास घशाखाली उतरत नाही. मैदानावर पोहोचेपर्यंत हात गार पडतात आणि तोंडाला कोरड पडते. कुणी म्हणते बाहेरचे खाणे बाधले, कुणी म्हणते दृष्ट लागली, तर कुणी सरळ सांगून टाकते, "पोरगं भित्रं आहे, याच्याच्याने व्हायचं नाही."

तपासणीत बहुतेक वेळा काही सापडत नाही. मूल नाटक करत नसते आणि ते भित्रेही नसते. मोठ्या प्रसंगापूर्वी निरोगी शरीर जे करते तेच त्याचे शरीर करत असते. ही गोष्ट मुलाला आणि घरच्यांना वेळीच समजली नाही, तर एखादी चांगली धावपटू किंवा एखादा चांगला चढाईपटू सतराव्या-अठराव्या वर्षी खेळ सोडून देतो. कारण विचारले तर "आवड राहिली नाही" एवढेच सांगतो. म्हणून आज या भीतीविषयी थोडे सविस्तर पाहू.

शरीरात नेमके काय घडते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट किंवा आव्हान समोर आहे असे मेंदूला वाटले की तो मज्जातंतूंमार्फत या ग्रंथींना इशारा देतो आणि त्या रक्तात ॲड्रिनलिन नावाचा स्राव सोडतात. वाघ समोर आला तर पळता यावे किंवा लढता यावे, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मेंदूला मात्र वाघ आणि जिल्हा पातळीवरचा अंतिम सामना यांतला फरक फारसा कळत नाही.

हा स्राव रक्तात मिसळला की हृदय जोराने धडधडू लागते, म्हणजे स्नायूंना जास्त रक्त मिळावे. पोटाकडचे रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते. पचन मंदावते आणि मळमळते. आपण ज्याला "पोटात गोळा येणे" म्हणतो तो हाच. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. लाळ कमी होते, म्हणून तोंड कोरडे पडते. वारंवार लघवीला जावेसे वाटते. श्वास उथळ आणि भरभर होऊ लागला तर शरीरातला कर्बवायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे डोके हलके होते आणि ओठांना व बोटांना मुंग्या येतात. ज्याला हे ठाऊक नसते तो मुंग्या आल्या की आणखी घाबरतो. घाबरल्यामुळे श्वास आणखी वाढतो आणि हे चक्र सुरूच राहते.

मुलाला ही माहिती साध्या शब्दांत आधीच देऊन ठेवावी. "तुझी छाती धडधडते आहे म्हणजे गाडीचे इंजिन तापते आहे," एवढे सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो.

थोडी भीती कामाचीच

यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर एक प्रयोग केला होता. दोन वाटांपैकी योग्य वाट ओळखायला उंदरांना शिकवायचे आणि चुकले की विजेचा झटका द्यायचा. काम अवघड होते तेव्हा अगदी सौम्य झटक्याने उंदीर सावकाश शिकले आणि फार जोराच्या झटक्यानेही सावकाशच शिकले. सर्वांत लवकर शिकले ते मध्यम झटक्याने. उंदरांचा नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण खेळाच्या मैदानावर रोज दिसणारी गोष्ट याच्याशी जुळते. अगदी निर्धास्त खेळाडू ढिला पडतो, फार घाबरलेला गोठतो आणि थोडा ताणलेला खेळाडू उत्तम खेळतो.

हा "थोडा" किती, हे खेळावर आणि स्वभावावर अवलंबून असते. कुस्ती, शंभर मीटर धावणे किंवा गोळाफेक यांत जास्त चेव उपयोगी पडतो. नेमबाजी, तिरंदाजी, बुद्धिबळ यांत तोच चेव घात करतो. काही मुले सामन्याआधी गप्प बसून तयार होतात, काही बडबड करून. सगळ्या संघाला एकाच साच्यात बसवू नये.

मोठ्या खेळाडूंना भीती वाटत नाही, हाही गैरसमज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या दिवशी पोटात कालवाकालव होत होती, काही खाल्ले नाही, फक्त काळा चहा घेतला, असे त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितले. त्यांच्याही पोटात गोळा आला होता. तो घेऊनच ते नेम धरायला उभे राहिले. (उपाशी राहण्याचे अनुकरण मात्र शाळकरी मुलांनी करू नये. त्याविषयी पुढे येईलच.)

सरावात जमते, मग सामन्यात का बिघडते?

पालकांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. रोज जिना उतरताना आपण पावलांकडे लक्ष देत नाही. पण कुणी म्हणाले, "प्रत्येक पाऊल कसे टाकता ते नीट बघत उतरा," तर हटकून अडखळायला होते. हजारो वेळा केलेली हालचाल शरीराच्या अंगवळणी पडलेली असते. दडपण आले की खेळाडू तीच हालचाल जाणीवपूर्वक करू पाहतो. हात कुठे ठेवू, पाय कधी उचलू, असे विचार सुरू होतात आणि बसलेली घडी विस्कटते.

दुसरे कारण म्हणजे मन वर्तमानात राहत नाही. चढाई चालू असते आणि डोक्यात मात्र "हरलो तर सर काय म्हणतील, बाबा काय म्हणतील" हेच घोळत असते. लक्षाची शिदोरी मुळात मर्यादित. तिचा अर्धा वाटा काळजीनेच खाल्ला तर खेळाला काय उरणार?

खेळाडूने काय करावे?

पहिला उपाय श्वासाचा. नाकाने मनात चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडा. असे साधारण दोन मिनिटे करा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते. म्हणून श्वास सोडण्याची क्रिया लांबवली की धडधड आवरते. आपल्याकडच्या मुलांना हे नवीन नाही. कबड्डीत एका दमात चढाई करणारा खेळाडू श्वासावर ताबा मिळवण्याचे शिक्षणच घेत असतो. मात्र हा उपाय सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. महिनाभर आधीपासून रोज झोपताना दोन मिनिटे केला तरच ऐनवेळी हाताशी येतो.

दुसरा उपाय शब्दांचा. "घाबरू नको, शांत हो," असे स्वतःला बजावून धडधड थांबत नाही. उलट, थांबत नाही म्हणून आणखी चिंता वाटते. हार्वर्ड विद्यापीठातील ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सर्वांसमोर गाणे, भाषण करणे आणि गणिते सोडवणे अशी कामे दिली होती. ज्यांनी स्वतःला "मला उत्साह वाटतो आहे" असे सांगितले त्यांची कामगिरी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. भीती आणि उत्साह या दोन्हींत छाती सारखीच धडधडते, फरक आपण तिला काय नाव देतो याचा असतो. तेव्हा मनाशी म्हणावे, "अंग तयार होते आहे, आता मजा येणार."

तिसरा उपाय ठरावीक क्रमाचा. सामन्यापूर्वी काय करायचे याचा एक छोटा क्रम ठरवावा आणि तो प्रत्येक वेळी पाळावा. उदाहरणार्थ, बुटाची नाडी बांधणे, मैदानाला एक फेरी, हातपाय मोकळे करणे, तीन सावकाश श्वास, आणि एक शब्द. हा शब्द करायच्या कामाचा असावा: "खाली वाक", "पाय हलते", "नजर समोर". मैदानाला वाकून नमस्कार करणाऱ्या जुन्या खेळाडूंचाही असा क्रमच असे. मन भरकटू लागले की तो त्याला जागेवर आणतो.

चौथा उपाय म्हणजे दडपणाचाच सराव. अभिनव बिंद्रा २००४ साली अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत सातवे आले होते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपूर्वी त्यांनी मोठ्या सभागृहाची सवय व्हावी म्हणून चक्क एक मंगल कार्यालय भाड्याने घेऊन तिथे सराव केला. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या अंतिम फेरीत शेवटची गोळी उरली तेव्हा बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण अगदी समान, ६८९.७ होते. बिंद्रांनी १०.८ चा वेध घेतला, हॅकिनेन यांना ९.७ मिळाले. भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळाले. हॅकिनेन हेही जगातल्या उत्तम नेमबाजांपैकी होते. तयारी करूनही निकाल आपल्या हातात नसतो, पण तयारी हातात असते.

शाळेला मंगल कार्यालय नको. "आपण दोन गुणांनी मागे, एक मिनिट बाकी" अशी स्थिती मांडून सराव घ्यावा. वरच्या वर्गातल्या मुलांना भोवती उभे करून आरडाओरडा करायला सांगावे. अनोळखी मैदानावर, वेगळ्या वेळी खेळवावे. सरावात दहा वेळा अनुभवलेली घालमेल अकराव्या वेळी ओळखीची वाटते.

जेवण आणि झोप

सामन्यापूर्वी दोन-तीन तास आधी हलके आणि सवयीचे खावे. पोहे, उपमा, वरण-भात किंवा चपाती-भाजी चालेल. घास उतरत नसेल तर केळे आणि थोडे थोडे पाणी. त्या दिवशी नवा पदार्थ, तेलकट वडे, फार चहा टाळावा. चहातल्या उत्तेजक द्रव्याने धडधड आणि थरथर वाढते. बाटलीतून मिळणारी "ताकदीची" शीतपेये मुलांना देऊच नयेत. कुस्तीतल्या मुलांनी वजन उतरवण्यासाठी उपाशी किंवा तहानलेले राहणे धोक्याचे आहे. तशा अवस्थेत होणारी थरथर भीतीची नसते, ती अशक्तपणाची असते.

आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरून जाऊ नये. त्याआधीचा आठवडाभर नीट झोप झाली असेल तर एका रात्रीने खेळ बिघडत नाही. "झोप लागलीच पाहिजे" या काळजीनेच झोप उडते. दिवा मालवून, मोबाईल दूर ठेवून पडून राहिले तरी शरीराला विश्रांती मिळते.

पालकांनो, थोडे आपल्याविषयी

खेळाडूंना परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण, नोकरीतले आरक्षण, पोलीस भरती या गोष्टी लहान गावातल्या कुटुंबासाठी किती मोलाच्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. बूट, प्रवास, खुराक यांसाठी बाप उसनवारी करतो, आई दूध विकायचे सोडून लेकराला पाजते. ही आशा चूक नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या एका धावेवर घराचे भवितव्य टांगले आहे असे तिला वाटू लागले, तर ती कुणाविरुद्ध धावणार? शेजारच्या पट्टीतल्या मुलीविरुद्ध की घरच्या कर्जाविरुद्ध?

एक साधे गणित ध्यानात ठेवावे. सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पंधरा संघ हरतातच. हरणे हा खेळाचा नेहमीचा भाग आहे. जे मूल घरी हरून येऊ शकते ते मैदानावर मोकळेपणाने खेळू शकते.

सामन्याच्या आठवड्यात खर्चाची, नोकरीची, चुलत भावाच्या पदकाची भाषा घरात नको. निघताना "जिंकूनच ये" म्हणण्याऐवजी "तुझा खेळ बघायला मला आवडतं" एवढे म्हणावे. प्रेक्षकांत बसून सूचना ओरडू नयेत. पोराने एका वेळी कितीजणांचे ऐकायचे? आणि हरल्यावर परतीच्या एसटीत चुकांची उजळणी नको. पाणी द्यावे, खायला द्यावे, बोलावेसे वाटले तर ऐकावे. दुसऱ्या दिवशी तीनच प्रश्न पुरेत: काय चांगले झाले, काय अवघड गेले, पुढच्या वेळी काय वेगळे करशील?

क्रीडाशिक्षकांनीही मैदानात पाठवताना एक किंवा दोनच सूचना द्याव्यात. चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर लाज वाटेल असे बोलल्याने पुढच्या वेळी तो चूक टाळण्यासाठी खेळतो, जिंकण्यासाठी नाही. मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांत कपड्यांवर डाग पडेल ही भीती फार असते आणि ती कुणाला सांगता येत नाही. संघाच्या पेटीत पॅड ठेवावेत आणि सोबत एक शिक्षिका असावी. एवढ्या व्यवस्थेने काही मुलींची निम्मी घालमेल कमी होते.

सगळेच भीतीमुळे नसते

आता सावधगिरीचे. प्रत्येक धडधड मनाची समजून सोडून देऊ नये. पुढील लक्षणे असतील तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे: धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणे, श्रम करताना छातीत दुखणे, बसल्या जागी अचानक फार वेगाने धडधडणे, धावल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊन दम लागणे. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. हृदयाचा आलेख साध्या तपासणीत काढता येतो.

मुलींचे हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रक्त कमी असले की थोड्या श्रमानेही दम लागतो आणि छाती धडधडते. अशा मुलीला धीर देण्याबरोबर लोहाच्या गोळ्यांचीही गरज असते.

गोळ्यांवरून आठवले. धडधड आणि थरथर थांबवणारी औषधे कुणाच्या सांगण्यावरून मुलांना देऊ नयेत. दम्याच्या मुलाला त्यांतली काही औषधे जिवावर बेतू शकतात. शिवाय बीटा-ब्लॉकर नावाचा हा औषधांचा गट नेमबाजी आणि तिरंदाजी या खेळांत निषिद्ध आहे. चाचणीत सापडले तर बंदी येते.

भीती सामन्याची की माणसाची?

सामना संपला की बहुतेक मुलांची भीती ओसरते, भूक लागते, हसू परतते. तसे होत नसेल तर लक्ष द्यावे. रोजच्या सरावालाही जायला नको वाटणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडणे, मित्रांत न मिसळणे, "जगून काय उपयोग" असे बोलणे, ही साध्या दडपणाची लक्षणे नाहीत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते.

कधी मुलाला सामन्याची नव्हे, तर एखाद्या माणसाची भीती वाटत असते. मारणारा, घाणेरडे बोलणारा किंवा नको तिथे हात लावणारा प्रौढ अथवा मोठा खेळाडू असू शकतो. मूल विशिष्ट व्यक्तीसोबत किंवा मुक्कामाच्या स्पर्धेला जायलाच घाबरत असेल तर ओरडू नये. एकांतात, शांतपणे विचारावे आणि ते सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. अशा वेळी मदतीसाठी मुलांचा १०९८ हा क्रमांक आहे.

थांबणे म्हणजे पळून जाणे, असेही समजू नये. अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिम्पिकमध्ये सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत उलटी उडी घेताना शरीराचा अंदाजच चुकत होता आणि मानेवर पडण्याचा धोका होता. त्याच स्पर्धेत काही दिवसांनी त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्य. वेळेवर घेतलेली विश्रांती खेळाडूला संपवत नाही.

तेव्हा पुढच्या स्पर्धेला निघताना लेकराचा हात गार लागला तर घाबरू नका आणि रागावूही नका. अंगारा लावायचा असेल तर लावा, दृष्ट काढायची असेल तर काढा. त्यात आईची माया असते आणि तीही धीर देते. पण त्यासोबत दोन सावकाश श्वास घ्यायची आठवण करा आणि पिशवीत एक केळे ठेवा. निकाल काहीही लागो, रात्री ताटावर त्याची जागा तीच आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच कळू द्या.